टीव्हीने काढलेला ल

आमच्या घरात माणसं चार आणि पडदे सात. दिवाणखान्यातला मोठा टीव्ही, सासूबाईंच्या खोलीतला छोटा, माझा लॅपटॉप, मुलाचा लॅपटॉप, बॅटरी गेल्यामुळे कायम भिंतीतल्या प्लगला बांधलेला तिसरा लॅपटॉप, एक टॅब आणि नवऱ्याने ऑफिसातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून उचलून आणलेला एक मॉनिटर. फोन धरले तर आकडा अकरावर जातो, पण फोनला पडदा म्हणायला सासूबाई तयार नाहीत. जे उशाशी घेऊन झोपता येतं त्याला त्या पडदा मानत नाहीत.

यातला मॉनिटर तेवढा निर्बुद्ध. बाकी सगळ्यांना स्वतःची अक्कल आहे, म्हणजे पोटात चित्र काढणारी चिप आहे. जुन्या टीव्हीला ही भानगड नव्हती. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून जे येईल ते तो दाखवायचा. मुंग्या आल्या तर मुंग्या, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' आलं तर ते, आणि आपण तेही मन लावून बघायचो. आताचा टीव्ही चालू केल्याकेल्या चौकशा करतो. कोण बघतंय? परवा अर्धवट सोडलेलं पुढे बघणार का? आणि ऐन बातम्यांच्या वेळी सांगतो, मला अद्ययावत व्हायचंय, बंद करू नका.

इतकी अक्कल घरात जमली आहे, तर हे सगळे पडदे एकमेकांना जोडून टाकावेत असं कुणालाही वाटेल. वायरींचं जंजाळ नको, घरात वायफाय आहेच. पण जोडायला बसलं की पहिल्याच पायरीवर एक प्रश्न आडवा येतो आणि तो काही केल्या हलत नाही. चित्र काढायचं कुणी? लॅपटॉपने काढून ते टीव्हीकडे पाठवायचं, की टीव्हीला नुसतं सांगायचं, बाबा रे, असं असं आहे, तुझं तू काढ?

मला या प्रश्नाशी काही देणंघेणं असायचं कारण नव्हतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. भाद्रपद लागला की दिवाळी अंकांची पानं येऊ लागतात आणि नवरात्रापर्यंत घरात दुसरा विषय नसतो. हल्ली पानं कागदावर येत नाहीत, पीडीएफ येते. लॅपटॉपवर जोडपान उघडलं की अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं केलं की अर्धं पान बाहेर जातं. दिवाणखान्यात त्रेचाळीस इंची टीव्ही दिवसभर काळा होऊन बसलेला असतो. चष्म्याचा नंबर वाढवत बसण्यापेक्षा तिकडे बघ, असं नवऱ्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"मिरर कर ना आई, एक बटण आहे," मुलगा म्हणाला.

बटण दाबलं. टीव्हीवर माझं जोडपान आलं. सोफ्यावरून बघताना इतकं सुरेख दिसलं की मी चहा ठेवायला गेले. परत येऊन खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागले, तर 'गंध'चा 'गध' झालेला. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त अनुस्वार गायब. पान थोडं सरकवलं की तो परत यायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा विरघळायचा. लाल रंगात केलेल्या माझ्या खुणा तर कडेने पसरल्या होत्या. काकपदाचं टोक नेमकं कुठल्या अक्षरावर आहे हे माझं मलाच कळेना.

याचं कारण मुलाने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या समासात आकडे मांडून दाखवलं. पूर्ण एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट, म्हणजे एका चित्राला ६२ लाखांवर बाइट. सेकंदाला अशी साठ चित्रं, म्हणजे ३७ कोटींच्या वर बाइट. नेटवर्कच्या भाषेत तीन गिगाबिट. टीव्हीच्या मागे लागते ती एचडीएमआयची जाड वायर एवढं सहज वाहून नेते, ती त्यासाठीच जन्माला आली आहे. पण घरातल्या नेटवर्कची वायर सहसा एक गिगाबिटची. वायफायचं तर विचारूच नका. आमचा राउटर बसवणाऱ्या माणसाने तो दारामागे चपलांच्या कपाटावर ठेवला आहे आणि तिथून दिवाणखान्यात येईपर्यंत त्याला एक भिंत, एक फ्रिज आणि एक देवघर ओलांडावं लागतं.

मग चित्र दाबून लहान करायचं. ते तीनशे-चारशे पटींनी लहान होतं आणि तरी डोळ्याला कळत नाही, ही खरोखर अचाट करामत आहे. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आजही जगभर याच कामाला जुंपलेली आहे. ती काय करते, तर माणसाच्या डोळ्याच्या लक्षात येणार नाही ते टाकून देते. आपल्याला उजेड-अंधार बारकाईने कळतो, रंग तितकासा कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा ठेवायचा, पण रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच द्यायचा. माझ्या लाल खुणा पसरल्या त्या इथे. एखादा एकटा काळा ठिपका आजूबाजूच्या पांढऱ्यात जात असेल तर जाऊ द्यायचा. माझा अनुस्वार गेला तो इथे. सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही असं जे जे काही आहे, त्याच्यावरच माझं पोट चालतं. ही पद्धत बसवणाऱ्यांच्या घरात कुणी मुद्रितशोधक नसावं.

चित्र काढून पाठवायचा हा मार्ग तसा जुना आणि मोठ्या कुळातला आहे. १९९१ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं असायचं. इमारतीच्या दुसऱ्या भागांतले संशोधक जिने ओलांडून यायचे आणि भांडं रिकामं मिळायचं. तेव्हा त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र इमारतीतल्या नेटवर्कवरून प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात पाठवायला सुरुवात केली. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, रंग नाही, नुसता करडा. कॉफी आहे की नाही एवढं कळलं म्हणजे झालं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि जगभरचे लोक ते पाहू लागले, ज्यांना त्यातली कॉफी मिळायची सुतराम शक्यता नव्हती असे. २००१ साली कॅमेरा बंद झाला. शेवटचं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं, आणि ते घेतलं एका जर्मन नियतकालिकाने. आमच्याकडे तीन भांडी बोहारणीला देऊन एक स्टीलचा डबा मिळतो.

त्या कॉफीच्या खटाटोपातले एक, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, पुढे त्याच गावातल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार करणाऱ्या मंडळींत होते. एका संगणकाचा पडदा दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा दिसावा आणि तिथूनच चालवताही यावा, ही ती सोय. तिचा सगळा कारभार एका वाक्यात मावतो. पडद्याच्या या जागी हा ठिपक्यांचा चौकोन ठेव. बस्स. समोरच्याला अक्षर कळायला नको, रेघ कळायला नको. पाठवणाऱ्याने काय काढलंय याची त्याने चौकशीसुद्धा करू नये. फोनवरून कुणी म्हाताऱ्या आईवडिलांच्या संगणकात शिरून 'थांबा, तुम्ही कशालाही हात लावू नका' असं म्हणतं तेव्हा आजही बहुतेक असलंच काहीतरी चाललेलं असतं.

दुसरा मार्ग याच्याही आधीचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८४ साली बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स नावाची व्यवस्था सुरू केली. तेव्हाच्या तारांतून चित्रं पाठवणं परवडणारं नव्हतंच. म्हणून त्यांनी पडद्याकडच्या यंत्राला चित्रकला शिकवली आणि तारेवरून फक्त सूचना पाठवल्या. इथून इथपर्यंत रेघ मार. इथे चौकोन. इथे या टंकात ही अक्षरं लिही. पुढे एक्स टर्मिनल नावाचे डबे निघाले. पडदा, कळफलक, नेटवर्कचं भोक आणि आत चित्र काढण्यापुरतं डोकं. बाकी सगळी बुद्धी दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या संगणकात. गंमत अशी की या व्यवस्थेत सेवा देणारा असतो तो आपल्या टेबलावरचा पडदा आणि ती मागायला येतो तो दूरचा अगडबंब संगणक. पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच ते उलटं वाटतं. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि ती अजून जगात कुठे ना कुठे चालू आहे.

या दोन मार्गांमधला फरक मला नाटकांवरून उमगला. बालगंधर्वांच्या काळात कंपनी गावाला निघाली की नट, वादक, आचारी, कपड्यांच्या ट्रंका आणि रंगवलेले पडदे असं सगळं रेल्वेने जायचं. खर्च अफाट, पण नागपूरला दिसायचं तेच पुण्याला दिसायचं. दुसरी रीत म्हणजे नुसती संहिता टपालाने पाठवून द्यायची. चार आण्यांचं तिकीट. गावातली हौशी मंडळी आपल्याआपण नाटक बसवतात. मात्र मग राजाच्या अंगावर शेजाऱ्याच्या लग्नातली शेरवानी येते आणि लेखकाने गप्प बसायचं असतं.

एक्सच्या संहितेत ही शेरवानी म्हणजे टंक. 'अमुक टंकात हे लिही' अशी सूचना यायची आणि तो टंक पडद्याकडच्या यंत्रात नसायचा. मग ते जवळ असेल ते अंगावर चढवायचं. इंग्रजीत फार बिघडत नाही, अक्षर जरा जाडं-बारीक होतं इतकंच. आपल्याकडे मात्र जोडाक्षरं सुटी होतात, पाय मोडके दिसायला लागतात, वेलांटी पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते. ज्यांनी युनिकोडपूर्व काळात मराठी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अख्खा अग्रलेख इंग्रजी अक्षरांच्या आणि डॉलरच्या चिन्हांच्या खिचडीत वाचल्याच्या आठवणी माझ्या पिढीच्या प्रत्येक मुद्रितशोधकाकडे आहेत. सन २००० च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी एक्सपुरता यावर तोडगा काढला. अक्षराचा आकार प्रोग्रामनेच तयार करायचा, एकदा पडद्याकडे पोचवून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक वेळी नुसता त्याचा क्रमांक सांगायचा. पीडीएफचीही तीच शहाणपणाची चाल. ती जिथे जाते तिथे लागणारी अक्षरं बरोबर घेऊन जाते. म्हणून आता मी मिररिंगच्या वाटेला जात नाही. पीडीएफ टीव्हीवर पोचवते आणि टीव्हीलाच उघडायला लावते. चित्र तो काढतो, अक्षरं दिवाळी अंकवाल्यांची असतात. अनुस्वार ठसठशीत दिसतात. लॅपटॉप मोकळा राहतो, त्यावर मूळ हस्तलिखित उघडता येतं.

पण पडद्याच्या अंगी अक्षरज्ञान घालण्याचं काम सगळ्यात मन लावून कुठे झालं असेल, तर ते आपल्याकडे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्र उभं केलं आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते इथे येऊन वाढलं. त्या वेळच्या संगणकाला देवनागरी म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. त्याला ते शिकवत बसण्याऐवजी यांनी एक कार्डच बनवलं. ते संगणकात खोचायचं. संगणकाने फक्त इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतपद्धतीतले संकेत द्यायचे, अक्षर कार्ड काढणार. 'कि' असं टंकताना क आधी येतो आणि वेलांटी मागून, पण दिसताना वेलांटी आधी. ही समज त्या हिरव्या पट्टीवर कोरलेली होती. जिस्टचे टर्मिनलही होते, म्हणजे संगणक कुठेतरी लांब आणि देवनागरी काढणारं डोकं पडद्यातच. इस्कीमध्ये ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकच संकेत असल्याने तेच नाव एका कळीसरशी गुजरातीत किंवा तेलुगूत दिसायचं. १९९१ मध्ये इस्की भारतीय मानक झालं. पुढे युनिकोड सगळीकडे रुजलं, संगणक स्वतःच देवनागरी शिकले आणि कार्डं भंगारात गेली. मला त्यातलं एक मिळालं तर मी ते पुस्तकांच्या कपाटात ठेवीन, शब्दकोशाशेजारी.

आमच्या घरी या विषयाला खरं तोंड फुटलं ते सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी. मुलाने जुने फोटो स्कॅन करून आपल्या लॅपटॉपवर ठेवले आणि टीव्हीला सांगून ठेवलं की तिथून ओळीने घेत जा. यात लॅपटॉप चित्र काढत नाही. फाइल टीव्ही मागून घेतो, उलगडतो आणि आपल्या हाताने दाखवतो. फोनवरून यूट्यूब टीव्हीवर टाकतो तेव्हाही हेच होतं. २०१३ साली गूगलने पस्तीस डॉलरची क्रोमकास्टची कांडी आणली तिची सगळी युक्ती ही होती की फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो. व्हिडिओ कांडी स्वतः जाऊन आणते. म्हणून तर फोन खिशात टाकून भाजी आणायला गेलं तरी घरी कीर्तन चालू राहतं. फोटो लख्ख दिसत होते. खाली मुलाने फाइलला दिलेलं नाव यायचं. पाहुणे जमले होते, बासुंदीच्या वाट्या फिरत होत्या, आणि पडद्यावर आलं: 'लग्न, लातूर, १९६६'.

सासूबाई फोटोकडे बघायचं सोडून खालच्या ओळीकडे बघत राहिल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.

"हा ल कुणी काढला?"

"टीव्हीने काढला आजी."

"मग टीव्हीला म्हणावं, हा आपला ल नाही. कान्याचा आहे. मी असला ल पाटीवर आला की पाटी परत करायची."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, उजवीकडे काना नसलेला. हिंदीचा काना घेऊन उभा राहणारा. शची तीच गत, आपला देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली शासन निर्णय काढून हे आकार मराठीसाठी ठरवून दिले आहेत. पण युनिकोडच्या लेखी दोन्ही ल एकच. क्रमांक ०९३२, संपला विषय. तो कुठल्या वळणाने काढायचा हे काढणाऱ्याने ठरवायचं. आमच्या टीव्हीला ०९३२ पोचला आणि त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे काढला. पुढचा फोटो 'शाळा, १९७१' असा आला. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी एकही फोटो पाहिला नाही. फक्त ल आणि श मोजले. पाहुण्यांपैकी एक काका म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या हो, वाचता येतंय ना?" या वाक्यावर सासूबाईंनी जिल्हा परिषदेत तीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना उत्तरं दिलेली आहेत. काका लवकर निघाले.

मुलाने समजावून पाहिलं. तो म्हणाला, "आजी, फोटो मिरर करून दाखवतो, मग ल माझा लॅपटॉप काढेल, तो बरोबर आहे." पण मिररिंगमध्ये फोटो मऊ पडतात, आणि एक नथ पुसट दिसली तेव्हा तेही बारगळलं. अडचण अशी विचित्र होती. फोटो हवा तर ल चुकीचा, ल हवा तर नथ जाते.

यात नवऱ्याने आपला एक उपक्रम घुसवला. त्याने तिसऱ्या लॅपटॉपला माझ्या लॅपटॉपशेजारी मांडलं आणि असं काहीतरी बसवलं की माझा माऊस उजव्या काठावरून बाहेर पडला की त्या दुसऱ्या यंत्रावर उगवतो. दोन्ही यंत्रं आपापलं चित्र आपापल्या डोक्याने काढतात, नेटवर्कवरून जातो तो फक्त माझा हात. मला हे फारच आवडलं. घरातल्या दोन शहाण्यांना एकमेकांची कामं करायला न लावता एकत्र नांदवायचा एवढा साधा मार्ग मी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. सासूबाईंच्या लच्या प्रश्नावर मात्र त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि हे त्याला सांगितल्यावर तो दोन दिवस गप्प होता.

उलगडा झाला तो शेजारच्या इमारतीमुळे. फोनवरून टीव्ही शोधताना जवळपासचे सगळेच टीव्ही यादीत येतात आणि बहुतेकांची नावं कारखान्यातून आली तशीच असतात. एका संध्याकाळी सासूबाई एकट्याच बसल्या होत्या. पडद्यावर पाटी आली की 'पप्पांचा फोन' जोडू इच्छितो, परवानगी द्यायची का? आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त. त्यांनी हो म्हटलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा आमच्या त्रेचाळीस इंचांवर कुणा अनोळखी कुटुंबाचा व्हॉट्सअॅपचा पडदा उघडा होता आणि त्यावर एका उपवर मुलाची माहिती. उंची, रक्तगट, देवक, मामांचं गाव, अपेक्षा. 'सुशिक्षीत आणि मनमीळाऊ'. माझा हात आपसूक पेन शोधायला लागला. मी म्हटलं, "आई, बंद करा, दुसऱ्यांचं आहे."

"करते गं. पण ल बघ."

मी पाहिलं. 'मुलगा', 'लग्न', 'अपेक्षा नाहीत पण लवकर कळवावे'. सगळे ल पाकळ्यांचे. श देठाचे. तेवढ्यात पलीकडच्यांच्या लक्षात आलं असावं, कारण चित्र गेलं.

"टीव्ही आपलाच ना? मग यांचा ल बरोबर कसा आला?"

मुलगा घरी आल्यावर त्याने आजीला पुन्हा सगळं सांगितलं. तो ल टीव्हीने काढलेलाच नव्हता. पप्पांच्या फोनने काढून, दाबून, हवेतून पाठवला होता. आणि पप्पांच्या फोनची भाषा मराठी असणार, म्हणून फोनने ०९३२ मराठी वळणाने काढला. चांगल्या टंकात दोन्ही ल असतात. यंत्राला भाषा सांगितली की ते योग्य तो उचलतं.

"आणि आपल्या टीव्हीची भाषा?"

"इंग्लिश."

"का?"

या प्रश्नाला आमच्याकडे कुणाकडेच उत्तर नव्हतं. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने ठेवली होती, आम्ही राहू दिली होती. मुलाने रिमोट घेतला, सेटिंगात गेला, यादीत खाली खाली उतरत मराठीवर थांबला. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला. फोटो लावले. 'लग्न, लातूर, १९६६'. दोन पाकळ्या, दोन पाकळ्या. नथही स्वच्छ. सासूबाई फक्त "हं" म्हणाल्या. शाळेत 'उत्तम' शेरा द्यायच्या तेव्हाही त्या एवढंच म्हणायच्या असं ऐकलं आहे.

त्या दिवसापासून रिमोट त्यांच्याकडे आहे. म्हणजे कुणी दिला नाही, तो तिकडे गेला. नवऱ्याला आणि मुलाला टीव्हीची बटणं वाचून नाही, जागेवरून आणि इंग्रजी शब्दाच्या आकारावरून पाठ होती. आता सगळा मजकूर मराठीत आला आणि दोघंही आपल्याच दिवाणखान्यात परगावी आल्यासारखे हरवले. सामन्याचं नाणं उडायची वेळ होते आणि "आई, ते सोर्स कुठे गेलं?" अशी हाक येते. "समोर लिहिलंय. वाच," असं उत्तर जातं. मग नवरा जिवणी हलवत, एकेक शब्द लावत वाचतो. मुलगा तर मराठी माध्यमाचा नाहीच, त्याला सासूबाई अंदाज करू देत नाहीत, पूर्ण ओळ मोठ्याने वाचायला लावतात.

गेल्या आठवड्यात टीव्हीने पुन्हा अद्ययावत व्हायची परवानगी मागितली. अटी आणि शर्ती आल्या. आमच्या घरात आजवर त्या कुणी वाचल्या नव्हत्या, आम्ही थेट खालचं बटण दाबायचो. सासूबाईंनी चष्मा पुसला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मधे एकदा चहा घेतला, पुन्हा मागे जाऊन एक परिच्छेद तपासला.

"यात एकाच वाक्यात 'आपण' आहे आणि 'तुम्ही' आहे. शिवाय 'सूचीत करण्यात येते' लिहिलंय, चीला दीर्घ. आधी दुरुस्त करून आणा म्हणावं," असं म्हणून त्यांनी 'नंतर' दाबलं.